नळी आजही हवी आहे का?

मुरुडहून लातूरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत अधूनमधून असे एखादे आजोबा भेटतात. प्रोस्टेटच्या त्रासानं लघवी तुंबलेली, नळी टाकून घरी पाठवलेलं, ऑपरेशनची तारीख पुढची. धोतराच्या निऱ्यांतून नळी बाहेर आलेली, तिच्या टोकाला पिशवी, आणि लाजेपोटी पिशवीवर दस्ती टाकलेली. शेजारी मुलगा. बस भरली, की कुणाचा पाय पडू नये म्हणून तो पिशवी उचलतो आणि मांडीवर, कधी तर छातीशी धरतो. त्याच्या मनात बापाची काळजीच असते. पण पिशवी मूत्राशयाच्या वर गेली, की नळीत साचलेली लघवी उलटी आत उतरते आणि तिच्याबरोबर जंतूही. हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. चार दिवसांनी आजोबांना थंडी वाजून ताप येतो, आणि घरात, दवाखान्यात, पारावर एकच वाक्य ऐकू येतं : "नळी टाकली की असं होतंच."

मी आयुष्यभर परिचर्या केली आणि पुढं ती शिकवली. या वाक्यावर माझा जुना राग आहे. ते चुकीचं आहे, आणि ते सगळ्यांनी खरं मानल्यामुळं टाळता येण्याजोगे आजार रोज होतात. पण नुसता राग उपयोगाचा नाही. वादाची आपली रीत चांगली आहे : आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याइतक्याच नेटानं मांडायचं, मग त्याला उत्तर द्यायचं, आणि शेवटी आपलं काय ते उभं करायचं. त्याच रीतीनं जाते.

पूर्वपक्ष

प्रचलित मत चार पायांवर उभं आहे.

पहिला पाय असा : नळी ही शरीरात घातलेली परकी वस्तू आहे, तिच्या वाटेनं जंतू आत जाणारच. जगातल्या नावाजलेल्या रुग्णालयांतही रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गांत मूत्रमार्गाचा संसर्ग कायम वरच्या ओळीत राहिला आहे. तिथं जे टळलं नाही, ते मराठवाड्यातल्या गर्दीच्या वॉर्डात कसं टळणार?

दुसरा पाय : संसर्गावर औषध आहे. नळी असेपर्यंत अँटिबायोटिक चालू ठेवलं, चांगल्या कंपनीची महागडी नळी वापरली, दर आठवड्याला नळी बदलली, अधूनमधून मूत्राशय धुतलं, की काळजी मिटली.

तिसरा पाय : नळी टाकायची की काढायची हा वैद्यकीय निर्णय आहे. तो डॉक्टरांचा. परिचारिकेनं आदेश पाळावा, पिशवी रिकामी करावी, आकडा लिहावा, नळी स्वच्छ ठेवावी. तिनं निर्णयात पडणं म्हणजे पायरी सोडणं.

चौथा पाय सर्वांत भक्कम आहे : परिचारिकाच कमी आहेत. एका रात्रपाळीत एका सिस्टरकडं तीस-चाळीस खाटा असतात. अशा ठिकाणी नळी ही सोय आहे. बेडपॅन द्यायला माणूस नाही, चादर बदलायला चादर नाही. नळी आहे म्हणून वॉर्ड कोरडा राहतो. बाकीचा उपदेश भरल्या पोटाचा.

यातली एकही बाजू वेडगळ नाही. प्रत्येकीत अनुभव आहे. म्हणूनच प्रत्येकीला वेगळं उत्तर द्यायला हवं.

खंडन

"होणारच" या शब्दापासून सुरुवात करते. १९३० च्या दशकात अमेरिकेतले मूत्रविकारतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांनी टोकाला फुगा असलेली, आत टिकून राहणारी नळी घडवली. आजही वॉर्डात तिला 'फोलीज'च म्हणतात. त्या काळी नळीचं बाहेरचं टोक उघड्या बाटलीत सोडलेलं असे. अशा उघड्या व्यवस्थेत तीन-चार दिवसांत जवळपास प्रत्येक रुग्णाच्या लघवीत जंतू सापडत. पॉल बीसन या वैद्यकाच्या प्राध्यापकांनी १९५८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात संपादकीय लिहून नळीच्या सवयीच्या वापराविरुद्ध इशारा दिला. पुढं १९६६ साली क्युनिन आणि मॅककॉर्मॅक यांनी निर्जंतुक बंद जोडणीचा, म्हणजे नळी आणि पिशवी यांच्यामध्ये कुठंही उघडं तोंड न ठेवण्याचा, परिणाम मोजून दाखवला. संसर्ग एकदम खाली आला. आज बंद व्यवस्थेत लघवीत जंतू शिरण्याचा धोका दिवसाला साधारण ३ ते ७ टक्के धरला जातो. चार दिवसांत सगळ्यांना होणारी गोष्ट इतकी मागं हटली, आणि त्यासाठी एकही नवं औषध लागलं नाही. एक सांधा बंद ठेवावा लागला. तो बंद ठेवणारे हात परिचारिकेचे होते.

या आकड्यातला 'दिवसाला' हा शब्द मात्र नीट वाचायला हवा. मधला आकडा घेऊ, दिवसाला ५ टक्के. नळी असलेल्या शंभर रुग्णांपैकी तिसऱ्या दिवसाअखेर सुमारे १४ जणांच्या लघवीत जंतू असतील, सातव्या दिवसाअखेर सुमारे ३०, आणि चौदाव्या दिवसाअखेर निम्म्याहून थोडे अधिक. महिनाभर नळी राहिली तर बहुतेक जण. म्हणजे "होणारच" हे महिनाभर राहिलेल्या नळीबद्दल खरं आहे, दोन दिवसांच्या नळीबद्दल नाही. या दोन नळ्यांमधला फरक नशिबाचा नाही, दिवसांचा आहे, आणि दिवस मोजता येतात.

इथं एक खुलासा करते, नाहीतर माझाच मुद्दा फुगवला जाईल. लघवीत जंतू सापडणं म्हणजे आजार नव्हे. नळी असलेल्या रुग्णांत जंतू सापडले, तरी दहापैकी नऊ जणांना लक्षणं नसतात. पण उरलेला एक जण थंडी-तापानं फणफणतो, कधी जंतू रक्तात उतरतात, आणि म्हातारपणी, मधुमेहात, ते जिवावर बेततं. अमेरिकेच्या सरकारी मेडिकेअर योजनेनं १ ऑक्टोबर २००८ पासून रुग्णालयातच लागलेल्या अशा संसर्गाचे जादा पैसे देणं बंद केलं. पुरेशी काळजी घेतली तर हा संसर्ग बहुतांशी टळतो, हे त्यामागचं गृहीत होतं.

आता दुसरा पाय, औषध आणि महागडी नळी. आपल्या घरच्या रांजणाच्या आतून बोट फिरवून पाहा. चार दिवस न घासलेल्या रांजणाला आतून बुळबुळीत थर धरलेला असतो. नुसतं पाणी ओतून तो जात नाही. नळीच्या आत-बाहेर जंतू असाच चिकट थर धरतात, आणि त्याच्या आडोशाला बसलेल्या जंतूंपर्यंत अँटिबायोटिक नीट पोचत नाही. जे कमजोर ते मरतात, जे दांडगे ते उरतात. म्हणून नळी आहे एवढ्याच कारणासाठी अँटिबायोटिक चालू ठेवलं, तर संसर्ग फक्त लांबतो, आणि जेव्हा येतो तेव्हा औषधांना सहजी न दबणारा होऊन येतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचना या बाबतीत स्पष्ट आहेत : केवळ नळी आहे म्हणून नेमानं प्रतिबंधक अँटिबायोटिक देऊ नये, ठरावीक दिवसांनी नळी बदलू नये, जंतुनाशकानं मूत्राशय धूत बसू नये. मूत्राशय धुण्यासाठी बंद जोडणी उघडावी लागते. ज्या दारातून चोर येऊ नये म्हणून कडी घातली, तेच दार रोज उघडून अंगण झाडण्यासारखं ते आहे.

महागड्या नळीचं काय? ब्रिटनमधल्या २४ रुग्णालयांत ७,१०२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. चांदीचा लेप असलेल्या नळीच्या गटात १२.५ टक्के रुग्णांना त्रासदायक संसर्ग झाला, साध्या लेपाच्या नळीच्या गटात १२.६ टक्के. चांदीचा फरक जवळजवळ शून्य. प्रतिजैविक औषध लावलेल्या तिसऱ्या नळीनं थोडा फरक पडला, पण संशोधकांनाच तो पुरेसा वाटला नाही. हा पुरावा मी विद्यार्थिनींना नेहमी देत असे, कारण त्यातून एक दिलासा मिळतो : मुरुडच्या ग्रामीण रुग्णालयात मिळते ती साधी नळीसुद्धा पुरेशी आहे. ती कशी घातली आणि किती दिवस ठेवली, यावर सगळं ठरतं.

तिसरा पाय माझ्या मनाला जास्त लागतो, म्हणून त्याचं उत्तर स्वतःपासून सुरू करते. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. खुब्याचं हाड मोडलेली एक मावशी वॉर्डात होती. ऑपरेशनच्या दिवशी नळी टाकली, ते योग्यच होतं. तिसऱ्या दिवशी तिला उठवून खुर्चीत बसवलं. पाचव्या दिवशी ती वॉकर धरून दारापर्यंत गेली, आणि वॉकरच्या दांडीला लघवीची पिशवी अडकवलेली होती. मी दर पाळीत पिशवी रिकामी केली. किती मिली आली ते चार्टवर सुवाच्य अक्षरात लिहिलं. नवव्या रात्री तिला हुडहुडी भरली. दोन चादरी, एक घोंगडी टाकूनही दात वाजत होते. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो भाजत होता. ती वाचली, पण पुढचे बारा दिवस वॉर्डात राहिली आणि चालायचं विसरल्यासारखी झाली. नऊ दिवसांत सत्तावीस वेळा त्या नळीची नोंद झाली असेल, पण ती तिथं का आहे हे एकदाही कुणी विचारलं नाही. डॉक्टरांनी विचारलं नाही, कारण ते हाड पाहत होते. मी विचारलं नाही, कारण विचारणं माझं काम आहे असं मला कुणी शिकवलं नव्हतं.

हे एका वॉर्डाचं दुर्लक्ष होतं का? अमेरिकेत संजय सेंट आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चार रुग्णालयांतल्या डॉक्टरांना विचारलं गेलं, की तुमच्या कोणत्या रुग्णाला नळी आहे? २८ टक्के वेळा उत्तर चुकलं. आणि अनुभव जितका मोठा तितकं विस्मरण मोठं : सर्वांत वरिष्ठ डॉक्टरांच्या बाबतीत ते ३८ टक्के होतं. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. राऊंडला पाच मिनिटं येणाऱ्या माणसाला पांघरुणाखालची नळी दिसत नाही. जी दर पाळीत पिशवी उचलते, तिला ती दिसते. पाहणाऱ्याच्या हातात निर्णय नाही, आणि निर्णय घेणाऱ्याला दिसत नाही, अशा व्यवस्थेत नळी आपोआप राहून जाते.

"पण चरकानंही वैद्यालाच प्रधान म्हटलं आहे," असं एका चर्चेत मला ऐकवलं गेलं होतं. खरं आहे. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी, आणि त्यांत वैद्य प्रधान आहे. पण त्याच ठिकाणी उपस्थात्याचे, म्हणजे शुश्रूषा करणाऱ्याचे, चार गुण सांगितले आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. पहिला मान ज्ञानाला आहे. त्या चार गुणांत आज्ञाधारकता नाही. जाणणाऱ्या माणसाला जाणलेलं बोलू द्यायचं नाही, तर उपचारज्ञतेचा उपयोग काय? आणि आपण ज्याला फक्त नळी पुसण्यापुरतं उरवलं आहे ते शौच यादीत शेवटी येतं. वैद्याच्या प्रधानपणाला यात धक्का नाही. चार पायांचं टेबल एका पायावर तोलणं हा प्रधानाचा मान नसतो.

चौथा पाय, मनुष्यबळ. इथं मी अर्धी हार आधीच मान्य करते. भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणानुसार सर्वसाधारण वॉर्डात अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागं एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागं एक परिचारिका हवी. आपल्याकडं हे कुठं दिसतं? ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावल्याच्या बातमीनं राज्य हादरलं, तेव्हा काही दिवस औषधांची आणि माणसांची टंचाई सगळ्यांच्या तोंडी होती. ती टंचाई खरी आहे, आणि पदं भरा ही मागणी मी या लेखातही करते. परिचारिका वाढल्याशिवाय माझं म्हणणं पूर्णपणे अमलात येणार नाही.

पण टंचाई हे नळी ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही, कारण हिशेब चुकतो. नळी बेडपॅनचं काम वाचवते, हे दिसतं. जे दिसत नाही ते असं : दर पाळीला पिशवी रिकामी करणं, मोजणं, नोंद, नळी अडली की सोडवणं, ताप आला की लघवीची तपासणी, सलाईन, दिवसाला दोन-तीनदा शिरेतून अँटिबायोटिक, लांबलेला मुक्काम, अंथरुणाला खिळल्यामुळं पाठीला जखम. त्या मावशीच्या बारा जादा दिवसांत मी दिलेली इंजेक्शनं मोजली, तर नऊ दिवसांचे बेडपॅन स्वस्त पडले असते. ज्या वॉर्डात माणसं कमी, तिथं नको असलेली नळी परवडतच नाही.

दुसरी शंका अशी घेतात, की लवकर काढली आणि लघवी अडली तर पुन्हा टाकावी लागेल. याचाही हिशेब झाला आहे. नळीची आठवण करून देण्याच्या आणि ठरावीक अटींवर ती काढण्याच्या पद्धतींवरचे अनेक अभ्यास २०१० साली एकत्र तपासले गेले. संसर्गाचं प्रमाण निम्म्यानं घटलं होतं, ५२ टक्क्यांनी, आणि पुन्हा नळी टाकण्याचं प्रमाण वाढलेलं नव्हतं. २०१६ साली अमेरिकेतल्या ६०३ रुग्णालयांतल्या अशाच मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. अतिदक्षता विभागात फारसा फरक पडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तिथं नळी बहुधा गरजेची असते. पण साध्या वॉर्डांत संसर्ग ३२ टक्क्यांनी कमी झाला. आपला प्रश्न मुख्यतः साध्या वॉर्डांचाच आहे.

आणि "आपल्या परिचारिकांना हे जमणार नाही" असं कुणी म्हटलं, तर मी मुंबईच्या केईएम रुग्णालयाकडं बोट दाखवते. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली रुग्णालयातच त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर, २०१५ साली मृत्यू येईपर्यंत, त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. सदैव गर्दीनं भरलेलं ते महापालिकेचं रुग्णालय. इतक्या वर्षांत अंथरुणाला खिळलेल्या शरीराला पाठीची जखम झाली नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या निकालात घेतली आणि परिचारिकांची मुक्तकंठानं स्तुती केली. तो अपवाद होता, ती त्यांची सहकारी होती, हे मला मान्य आहे. पण एकट्या मायेनं चार दशकं जात नाहीत. निवृत्त होणारी सिस्टर नव्या सिस्टरला काम सोपवत राहिली, आणि प्रत्येकीनं ते आपलं मानलं, म्हणून ते टिकलं. ज्यांना जबाबदारी आपली वाटली त्यांनी काय केलं, हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे.

मंडन

मग माझा पक्ष काय? परिचारिकेचं पहिलं काम नळीची निगा राखणं हे नाही. पहिलं काम रोज सकाळी विचारणं हे आहे, की ही नळी आजही हवी आहे का? आणि उत्तर 'नको' आलं, तर ठरलेल्या अटींत ती काढण्याचा लेखी अधिकार तिला हवा.

याला लागणाऱ्या गोष्टी फार नाहीत. नळी टाकली त्या दिवशी केस पेपरवर तारीख आणि कारण लिहायचं, आणि पिशवीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून तीच तारीख. रात्रपाळीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला काम देताना खाट क्रमांकाबरोबर "नळी, चौथा दिवस, कारण अमुक" असं मोठ्यानं म्हणेल. कारणं मोजकीच आहेत : लघवी पूर्ण तुंबलेली, अत्यवस्थ रुग्णाची तासागणिक लघवी मोजायची आहे, काही ठरावीक शस्त्रक्रिया, कमरेखालच्या उघड्या जखमेला लघवी लागू द्यायची नाही, मोडलेल्या हाडामुळं हलवताच येत नाही, किंवा अखेरच्या दिवसांत रुग्णाला त्यातच आराम आहे. 'लघवी कपड्यात होते' हे एकटं कारण या यादीत नाही, आणि 'नातेवाईक म्हणाले' हेही नाही. अशा रुग्णाला भांडं, डायपर, पुरुष असेल तर बाहेरून लावायची कंडोम कॅथेटर, किंवा ठरावीक वेळानं नळी घालून लगेच काढून घेण्याची पद्धत असे पर्याय आहेत.

यादीतलं एकही कारण उरलं नाही, तर परिसेविकेच्या देखरेखीखाली अधिपरिचारिका नळी काढेल. त्यासाठी डॉक्टरांनी आधीच सही केलेली स्टँडिंग ऑर्डर असेल. तीत अपवादही लिहिलेले असतील : मूत्रमार्गाची किंवा प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झालेली, लघवीतून रक्त येत असलेलं, नळी टाकतानाच अडचण आलेली, अशा रुग्णांची नळी विचारल्याशिवाय काढायची नाही. काढल्यावर सहा तासांच्या आत लघवी झाली का, किती झाली, ओटीपोट टणक लागतं का, हे पाहायचं. डॉक्टरांचा निर्णय यात कुठंही हिरावला जात नाही. तो एकदा नीट विचार करून घेतलेला असतो आणि रोज अमलात येतो.

ज्या रुग्णाची नळी खरोखर हवी आहे, त्याच्याबाबतीत निगा. तीही ठोस सांगते. घालताना निर्जंतुक हातमोजे, पुरेशी जेली, आणि काम भागेल अशी बारीकात बारीक नळी. पुरुषात लघवी आली तरी नळी मुळापर्यंत आत सरकवल्याशिवाय फुगा फुगवायचा नाही. मूत्रमार्गातच फुगलेला फुगा जी इजा करतो ती जन्मभर पुरते. नळी मांडीला चिकटपट्टीनं पक्की, म्हणजे ओढ बसत नाही. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण फरशीला टेकलेली नाही. एक्स-रेला नेताना वॉर्डातले मामा पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवतात, ही आपल्याकडची सगळ्यांत रुळलेली चूक आहे. मामा-मावशींना एकदा प्रेमानं दाखवून दिलं की ती थांबते, हा माझा अनुभव आहे. पिशवी रिकामी करायचं भांडं प्रत्येकाचं वेगळं. एकच मग दहा खाटांवर फिरला, तर एकाचे जंतू दहा जणांना वाटले जातात. तपासणीसाठी लघवी पिशवीतून कधीही घ्यायची नाही, कारण तिथं जंतू आधीच वाढलेले असतात, आणि त्या अहवालावर नको ते औषध सुरू होतं. बाकी रोजच्या आंघोळीच्या वेळी साबण-पाण्यानं स्वच्छता पुरे, जंतुनाशक चोळायची गरज नाही.

हात धुणं याच्या आधी येतं, आणि त्याबद्दल लातूरकरांशी बोलताना मला भान ठेवावं लागतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं या शहराला पाणी आलं. पहिल्या गाडीनं पाच लाख लिटर आणलं, आणि ते पाहायला माणसं जमली. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांना 'दर रुग्णामागं हात धुवा' म्हणणं सोपं नाही. पण हातावर उघड घाण नसेल तर अल्कोहोलयुक्त द्रावणाचं वीस-तीस सेकंदांचं चोळणं पुरतं. त्याला थेंबभर पाणी लागत नाही. दुष्काळी जिल्ह्यातल्या प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी त्याची बाटली टांगलेली असणं ही चैन नाही.

आता पुन्हा मुरुडच्या त्या आजोबांकडं. त्यांची नळी गरजेची आहे. ऑपरेशनपर्यंत ती राहणारच. म्हणून त्यांच्या बाबतीत परिचारिकेचं काम घरी पाठवण्याच्या पाच मिनिटांत आहे. मुलाच्या हातात पिशवी देऊन, बसमध्ये ती गुडघ्याच्या खाली कशी धरायची हे करून दाखवायचं. दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची, जोड कधी उघडायचा नाही. आजोबा पाणी कमी पितात, कारण पिशवी भरली की लाज वाटते. त्यांना सांगायचं की मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कमी पाण्यानं लघवी दाटते, क्षार धरतात आणि नळी बुजते. थंडी-ताप, लघवी थांबणं, रक्त येणं, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी यायचं. हे सगळं मराठीत, मोठ्या अक्षरांत, एका कागदावर. आणि कागदाच्या वर नळी टाकल्याची तारीख आणि ती काढण्याची ठरलेली तारीख. गावातल्या उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई यांच्याकडं अशा घरांची यादी असेल, तर आठवड्यातून एक फेरी पुरते.

माझी विनंती शेवटी दोघांना आहे. डॉक्टरांनो, ही स्टँडिंग ऑर्डर सहीसाठी समोर आली तर सही करा. तुमच्या रुग्णाच्या पांघरुणाखाली काय आहे हे बघणारी माणसं तुमच्याकडंच आहेत. आणि घरच्या माणसांनो, वॉर्डात सिस्टर आली की न घाबरता विचारा, "सिस्टर, आमच्या बाबांची नळी अजून लागते का?" ज्या दिवशी हा प्रश्न कुणाला उद्धटपणाचा वाटणार नाही आणि सिस्टर केस पेपर उघडून तारीख आणि कारण वाचून दाखवील, त्या दिवशी "असं होतंच" हे वाक्य मुरुडच्या एसटीतून खाली उतरलेलं असेल.